दादाच्या हृदयाचा तुकडा

भिंगरी जिन्यात कोसळली ती तिसऱ्या तासाच्या सुरुवातीला. खांद्यावर गुंडाळलेला नकाशा, काखेत हजेरीपट, मागे चाळीस पोरांचा गलका. मधल्या वळणावर पाय ठेवला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली आणि उठता उठता पोरांना म्हणाली, "काय बघताय? भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीला मिठी मारली, दुसरं काय!"

पोरं हसली. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी थेट आत्याला फोन लावला.

आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची धाकटी बहीण. वय साठ, लग्न केलेलं नाही, दोन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईबरोबर ती तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्याच घरात राहत होती. भिंगरी लहानाची मोठी झाली ती याच घरात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि अडतीस वर्षांची झाली, भूगोलाची शिक्षिका झाली, तरी ते सुटलं नाही.

आत्याने फोन ठेवला. "जिन्यात" एवढा एकच शब्द तिच्या कानात राहिला होता. छत्तीस वर्षांपूर्वी तिचा दादा, भिंगरीचा बाप, असाच जिन्यात गेला होता. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

भिंगरीच्या तपासण्या आठवडाभर चालल्या. आधी हृदयाचा आलेख, मग सोनोग्राफी, मग रक्त. हृदयाच्या डॉक्टर पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आत्या आणि भिंगरी दोघींना समोर बसवलं आणि कागदावर रेघा मारायला सुरुवात केली.

"हृदयाच्या स्नायूत दोन तऱ्हेचे धागे असतात," त्या म्हणाल्या. "एक जाड, एक बारीक. जाड धाग्याला हात असतात. ते बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात. एका ठोक्याला असे अब्जावधी हात. पण नुसता जोर असून भागत नाही. बैल कितीही दांडगा असला तरी कासरा कुणाच्या तरी हातात लागतो. तसं एक प्रथिन त्या जाड धाग्यावर बसून या हातांना आवरतं. आत्ता ओढा, आता थांबा. नाव लांबलचक आहे, मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी."

"आणि माझ्याकडे ते नाही?" भिंगरीने विचारलं.

"आहे, पण कमी पडतंय. प्रत्येकाकडे त्याच्या आराखड्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुझी एक प्रत सदोष आहे. कासरा ढिला पडला की स्नायू जास्त ओढतो आणि नीट सैल पडत नाही. हे वर्षानुवर्षं चाललं की भिंत जाड होते, धाग्यांची मांडणी विस्कटते, आणि मग कधीतरी ठोक्याचा ताल चुकतो."

आत्याने आयुष्यभर अवयवांचे तुकडे हाताळले होते. तिला हे समजायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "मग निदान झालं की."

"तिथेच घोडं अडलंय. हिच्यात सापडलेला दोष फार थोड्या लोकांत दिसलाय. तो खरंच आजाराचा की निरुपद्रवी, हे अहवालात नक्की लिहिता येत नाही. कुटुंबात जे गेले त्यांच्यात तोच दोष होता असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. आई आहे का हिची?"

"चार वर्षांपूर्वी गेली. पोटाच्या आजाराने," भिंगरी म्हणाली.

"आणि वडील?"

"मी दोन वर्षांची असताना."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. तेव्हा आत्या म्हणाली, "त्याचं हृदय आहे."

दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "असेल. मी टाकलं नसेल तर."

*

दादा टेलिफोन खात्यात होता, खांबांवर चढून तारा ओढणारा. कमरेला पट्टा, पाठीला तारेचं भेंडोळं आणि तोंडात कायम शीळ. माकडानेही तोंडात बोट घालावं असा सरसर चढायचा. आत्या तेव्हा चोवीस वर्षांची, प्रयोगशाळेत नुकती लागलेली. त्याचं काम इस्पितळाच्या बाजूला निघालं की दुपारी डबा घेऊन तो तिच्याकडे टपकायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय गं, आज कुणाचं काय कापलंस?"

तिचं काम कापण्याचंच होतं. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा मेलेल्या माणसाचा तुकडा आला की तो औषधात मुरवायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण थिजलं की साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा तयार होतो, त्याला सगळे ब्लॉक म्हणत. मग तो यंत्रावर चढवून केसाच्या पंधराव्या हिश्श्याइतका पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद काचेवर उचलून घ्यायचा. त्यासाठी हात हलका लागतो. पहिले सहा महिने तिच्या कापांच्या चिंध्याच व्हायच्या. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, चष्म्यावरून बघून म्हणायचे, "बाई, आपण रोगाचं निदान करतो. मेणाची कोशिंबीर नाही."

एकदा दादाने हट्टच धरला, मलाही दाखव. तिने सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या स्नायूची काच लावली. गुलाबी धागे एकाला एक लागून, मधे मधे जांभळे ठिपके. दादा बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला. "हे तर आमच्या तारांसारखं आहे," तो म्हणाला. "पण ज्याने ओढल्यात तो आमच्यापेक्षा हुशार. कुठे झोळ नाही बघ." मोठे डॉक्टर मागे उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "तुझा भाऊ इथे हवा होता आणि तू खांबावर."

त्यानंतर दोनच महिन्यांनी बाबांनी, म्हणजे भिंगरीच्या आजोबांनी, एक जुनं कपाट विकत घेतलं. चांगलं शिसवी, भक्कम, भिंगरीच्या कपड्यांसाठी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली, "अरे, जरा हात लाव." एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला दादा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा म्हणाला, "थांबा, बाबा, जरा." आणि कपाट खाली ठेवलं, नीट, आवाज न करता. मग तो कपाटाला टेकला, आणि टेकलेलाच घसरत खाली बसला. एवढंच.

इस्पितळात नेलं ते नुसतं सोपस्कारापुरतं. शवविच्छेदन झालं ते आत्या काम करायची त्याच इस्पितळात. मोठ्या डॉक्टरांनी तिला महिनाभर घरी पाठवलं. तिच्या खुर्चीवर स्वतः बसून, स्वतः कापून त्यांनी काचा बनवल्या. अहवालात लिहिलं: हृदयाचा स्नायू जाड झालेला, धागे विस्कटलेले, कारण अज्ञात. पण घरात अहवाल कोण वाचणार? घरात एकच वाक्य वाचलं गेलं, ते आईने बोललेलं. त्या संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले होते, समोर ते कपाट. शेजाऱ्यांनीच ते वर आणून ठेवलं होतं. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला कपाट हवं होतं ना? घ्या कपाट."

आत्या आतल्या खोलीत भिंगरीला थोपटत होती. तिने ते ऐकलं. त्यानंतर आईने तो विषय कधी काढला नाही, पण न काढण्याचीही एक तऱ्हा असते. बाबा पुढे चोवीस वर्षं जगले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी कुणालाही काही उचलायला सांगितलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. ऐंशीव्या वर्षी बादली घेऊन लटपटत जायचे, पण "जरा हात लाव" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत.

*

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि आत्याला आधी वास आला. गरम मेणाचा, स्पिरिटचा, आणि त्यामागे कुठेतरी जुन्या कागदांचा. दोन वर्षांत भिंतींना रंग लागला होता, नवी यंत्रं आली होती, पण वास तोच. उजव्या हाताची बोटं आपसूक जवळ आली, जणू चिमटा धरलाय.

"बाई! तुम्ही?" धाकटी धावत आली. धाकटी म्हणजे आताची प्रयोगशाळा प्रमुख. बावीस वर्षांपूर्वी सगळ्यांत लहान म्हणून रुजू झाली, आत्याच्या हाताखाली शिकली, तेव्हा पडलेलं नाव. आता डोक्यावर निम्मे केस पांढरे होते आणि हाताखाली नऊ माणसं, पण फोनवरसुद्धा "धाकटी बोलतेय" असंच म्हणायची.

आत्याने हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. धाकटीने वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, छत्तीस वर्षं? पंचवीस वर्षांनंतरचे ब्लॉक आपण काढून टाकतो. नियम तुम्हीच शिकवलात."

"ठाऊक आहे. ते वर्ष टाकायला मीच काढलं होतं."

ते खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते वर्ष टाकण्याच्या यादीत आलं. सगळे खण आत्याने स्वतः उपसले, एक सोडून. त्या खणाशी हात गेला आणि मागे आला. ब्लॉकचा क्रमांक तिला पाठ होता, चौदाशे बारा. ती धाकटीला म्हणाली, "हा तू बघ, मला चक्कर येतेय," आणि बाहेर जाऊन बसली. काय टाकलं, काय ठेवलं, तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"मी तर सगळं टाकलं असेल हो, बाई," धाकटी रडकुंडीला आली. "मला कुठे ठाऊक होतं?"

"तुझी काय चूक? मी सांगितलंच नाही."

तरी दोघी तळघरात गेल्या. लोखंडी कपाटं, प्रत्येकाला चाळीस उथळ खण. तो खण उघडला तर आत नंतरच्या एका वर्षाचे ब्लॉक. मागचा, पुढचा, खालचा, सगळे पाहून झाले. दुपारचे दोन वाजले. धाकटीने वरून चहा मागवला. आत्याने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. आपण आपल्या हाताने नाही, पण आपल्या भित्रेपणाने दादाला दुसऱ्यांदा घालवलं, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं.

"बाई," धाकटी एकदम म्हणाली, "नोंदवही बघू या का? टाकलं तर तिथे तांबडी खूण असते."

नोंदवही सापडली, बाइंडिंग सुटलेली. पानभर तांबड्या खुणा. चौदाशे दहा, तांबडी. चौदाशे अकरा, तांबडी. चौदाशे बारासमोर खूण नव्हती. तिथे हिरव्या शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं: शिकवण्यासाठी. टाकू नये.

इस्पितळात हिरवी शाई एकच माणूस वापरायचा. मोठे डॉक्टर निवृत्त झाले त्याला सत्तावीस वर्षं झाली होती, वारले त्याला एकोणीस. म्हणजे त्यांनी हे आधीच, कुणाला न सांगता करून ठेवलं होतं. शिकवण्याच्या काचांचं कपाट वर वर्गाच्या खोलीत होतं. आत्या वीस वर्षं त्या खोलीत जाऊन विद्यार्थ्यांना काचा लावून देत होती. तिसऱ्या खणाच्या कोपऱ्यात, कापसावर, पिवळट पडलेला तो मेणाचा ठोकळा होता. मधोमध बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा.

आत्याने तो तळहातावर घेतला. वजन काहीच नव्हतं. खांबावर सरसर चढणारा, दारातून शीळ घालत येणारा माणूस, आणि उरलं ते एवढं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण हात स्वच्छ ठेवायचा होता.

"मी कापते, बाई. तुम्ही बसा," धाकटी हळूच म्हणाली.

"नाही. हा मी कापणार. त्या वेळी त्यांनी कापू दिला नाही."

नव्या यंत्राला तिने नकार दिला. कोपऱ्यात जुनं, हाताने चाक फिरवायचं यंत्र झाकून ठेवलेलं होतं. धाकटीने त्यावरचं कापड काढलं, नवं पातं बसवलं. ब्लॉक बर्फावर ठेवून गार केला. वरचे दोन काप वाया जाऊ दिले, मग पाच जाडसर काप नळीत घेतले, ते दोषाच्या तपासणीसाठी. शेवटी एक पातळ काप. चाक फिरलं तसा चुरचुर आवाज झाला आणि मेणाची फीत पात्यावरून अलगद खाली उतरली. कोमट पाण्यावर ती पसरली, एक सुरकुती नाही. साठाव्या वर्षीही हात हलला नव्हता.

रंग देऊन झाल्यावर काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. आत्याने आधी धाकटीला बघू दिलं, मग स्वतः वाकली. नेहमी एका दिशेने जाणारे धागे इथे कुठेही वळले होते, एकमेकांवर चढलेले, मधे गाठी पडल्यासारखे. वादळानंतर तारा लोंबाव्या तशा. दादा असता तर म्हणाला असता, हे कुणाचं काम? बोलवा त्याला.

ती बराच वेळ बघत राहिली. कपाट उचलायच्या कितीतरी आधीपासून हे असं होतं.

*

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जुन्या मेणातून जेवढं मिळालं तेवढं पुरेसं होतं. दादाच्या तुकड्यातही तोच दोष होता, त्याच जागी. आत्याचंही रक्त तपासलं होतं. तिच्यात दोष नव्हता. छापा-काटा करावा तसं, डॉक्टर म्हणाल्या, प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. आत्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वर्गात आपण पास आणि शेजारचा नापास झाल्यावर वाटतं तसं वाटलं.

तिने डॉक्टरांना विचारलंच. "कपाटामुळे झालं का?"

डॉक्टर म्हणाल्या, "जोर लावला की अशा हृदयावर ताण येतो, हे मी नाकारणार नाही. पण तो रोज खांबावर चढत होता ना? दिवसातून दहा वेळा. ते कुठल्याही खांबावर झालं असतं, बसमध्ये झालं असतं, झोपेत झालं असतं. कपाट त्या वेळी तिथे होतं, इतकंच."

हे वाक्य आत्याने घरापर्यंत मुठीत धरल्यासारखं आणलं. आई खिडकीशी बसून भिंगाने शब्दकोडं सोडवत होती. आत्या जवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं, ब्लॉक, हिरवी शाई, विस्कटलेले धागे, आणि डॉक्टरांचं वाक्य. एकच गोष्ट तिने गाळली.

आईने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे जन्मतःच होतं त्याला."

"हो, आई."

"कुणाकडून आलं?"

आत्याला खोटं बोलता येत नसे. लहानपणापासून तिचे कान लाल व्हायचे. "ते आता कळून काय करायचंय?"

"तुझे कान बघ," आई म्हणाली. "माझ्याकडून किंवा यांच्याकडून. तिसरं कोण आहे?" मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. "माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी नदीत गेला. तू त्याला पाहिलं नाहीस. पट्टीचा पोहणारा. सगळे म्हणाले, पायात गोळा आला. माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, माझा पोरगा बुडणाऱ्यातला नव्हता. आम्ही म्हणायचो, म्हातारीला भ्रम झालाय."

"आई, त्यावरून काही ठरत नाही."

"ठरत नाही, तर ठरवा. माझं रक्त काढा. थोरल्या भावाची पोरं-नातवंडं आहेत, त्यांना कळायला नको?"

आईचं रक्त काढलं, सोनोग्राफीही झाली. हृदयाची भिंत जाड होती, दोष तोच. चौऱ्याऐंशी वर्षं ते हृदय कुरकुर न करता चाललं होतं. एकाच घरात असा फरक का पडतो, हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

दोन दिवस आई जेवली, औषधं घेतली, एवढंच. शब्दकोडं तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने आत्याला विचारलं, "त्या संध्याकाळी मी यांना जे बोलले, ते तू ऐकलं होतंस?"

आत्या म्हणाली, "ऐकलं होतं."

"यांनीही ऐकलं होतं," आई म्हणाली. "चोवीस वर्षं ऐकत होते." तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मला रोज दिसत होतं गं. बादली घेऊन जाताना दिसत होते. एकदा म्हणायचं होतं, द्या इकडे. जीभ उचलली नाही. वाटायचं, आज म्हटलं तर कालपर्यंतच्या न म्हणण्याचं काय करू?"

आत्याने तिचा हात धरला. जरा वेळाने आईने हात सोडवून घेतला आणि जुडी पुन्हा निवडायला लागली. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

पुढचे दोन महिने धावपळीत गेले. भिंगरीच्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र बसवलं. ताल बिघडला तर ते आतून धक्का देऊन तो जागेवर आणणार होतं. शाळेने तिचे सगळे वर्ग तळमजल्यावर आणले. भिंगरी कुरकुरली, "वरच्या वर्गातून टेकडी दिसायची. आता मी भूगोल काय सायकलस्टँड बघून शिकवू?" पण गोळ्या वेळेवर घ्यायला लागली आणि जिना चढताना वळणावर थांबायलाही शिकली. आत्या प्रत्येक वेळी तिच्याबरोबर थांबायची आणि दोघी काहीतरी कारण काढायच्या, चप्पलचा पट्टा, शेजाऱ्यांची कुंडी.

आत्याच्या थोरल्या मामाकडच्या आठ जणांनी रक्त दिलं. तिघांत दोष निघाला. त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात धावायचा. त्याला स्पर्धा सोडावी लागली. त्याने बूट खिडकीतून फेकून दिले. त्याच्या आईने फोनवर आत्याला विचारलं, "हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं कधी कधी. तुम्हाला नाही वाटत?" आत्या म्हणाली, "माझ्या भावाचं कळलं नव्हतं." मग ती बाई म्हणाली, "त्याला घेऊन येते एकदा. तुमच्याशी बोलू दे."

एका रविवारी दुपारी भिंगरी आली होती. चहा झाला, भांडी विसळून झाली. आई खिडकीशी होती. ती अचानक म्हणाली, "तुझ्या आजोबांनी एक पूल बांधला होता, ठाऊक आहे?"

भिंगरी चकित झाली. या घरात आजोबांबद्दल आजी आपणहून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आत्यालाही नाही. बाबा नगरपालिकेत नकाशे काढायच्या कामावर होते, एवढंच दोघींना माहीत.

"पूल?"

"लग्नाला महिना झाला होता. मला म्हणाले, चल, मी बांधलेला पूल दाखवतो. मी नवी साडी नेसले. तीन मैल चाललो उन्हातून. पूल दिसला, मोठा, चार कमानींचा. मी तर बघतच राहिले. म्हटलं, एवढा मोठा तुम्ही काढला? तर मान खाली घातली आणि म्हणाले, पूल साहेबांचा. कठड्याची जाळी तेवढी माझी."

भिंगरी फसकन हसली.

"मीही अशीच हसले होते," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आत्याने कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं, अठरा वर्षांच्या मुलीचं. "ते बिचारे इतके खजील झाले. कान लाल, हिच्यासारखेच. मग मला वाईट वाटलं. मी कठड्यापाशी गेले, हात फिरवला आणि म्हटलं, खाली एवढं पाणी आहे, कठडा नसता तर मी आले असते का इथवर?"

"मग? आजोबा काय म्हणाले?"

आत्याने दाराशीच बसकण मारली. ओले हात तिने पदराला पुसले.

"सांगते," आई म्हणाली. "आधी तो तक्क्या दे मला. पाठ दुखतेय. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कुणी येत नाही ना ते..."